कवळीबाईचं मत

माझ्या मावशीला सगळे कवळीबाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते माहीत आहे आणि त्याचं तिला काही वाटत नाही. "कवळ्या बनवणारीला कवळीबाई नाही म्हणायचं तर काय राणीसाहेब म्हणायचं?" असं तिचं म्हणणं.

ती जिथे काम करते ती दातांची लॅब औषधांच्या दुकानाच्या वर आहे. लोखंडी जिना चढून गेलं की दाराशीच प्लास्टरची पोती, खिडकीखाली लांबलचक टेबल, त्यावर बर्नर, मेणाच्या गुलाबी पट्ट्या आणि कप्प्याकप्प्यांच्या खोक्यात रंगांनुसार लावून ठेवलेले दात. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचे ठसे पाठवतात. त्यावरून इथे जबडे ओततात, मेणात दात बसवतात, मग मेणाच्या जागी प्लास्टिकचा पक्का मसाला भरून शिजवतात, घासतात, चकचकीत करतात. सगळीकडे पांढरी धूळ. मावशीच्या भुवयांवर ती कायमची बसलेली. त्यामुळे ती चाळिशीत साठीची दिसायची, आणि आता खरोखर साठीला आली आहे तरी तेवढीच दिसते.

लॅबमध्ये ती लागली ती वाट्या धुवायला. प्लास्टर कालवायच्या रबरी वाट्या लगेच धुतल्या नाहीत तर दगड होतात. ते तिचं काम. टेबलावर बसायचे ते पुरुष. मालकांचं ठरलेलं होतं, बर्नर, तापलेली हत्यारं, फिरणारं चाक, हे बायकांचं काम नव्हे. एकदा एक कारागीर भावाच्या लग्नाला म्हणून गेला तो परत आलाच नाही. त्याची जागा रिकामी, काम अर्धवट. मावशीने हात पुसले आणि त्याच्या स्टुलावर जाऊन बसली.

मालक आले. "ऊठ."

"एवढा खालचा जबडा होऊ दे."

"ऊठ म्हणतो ना! बायकांचा हात नाही चालत यात."

"वाट्या घासताना चालतो ना? तोच हात आहे."

दुसऱ्या दिवशी मालकांनी स्टूल काढून टाकलं. मावशीने उभ्याने काम केलं. आठवडाभर उभीच होती. पाय सुजले, घरी आली की ती पाय भिंतीला लावून पडायची, आणि आई तिला म्हणायची, "कशाला डोकं आपटतेस?" मग एक दिवस स्टूल जागेवर परत आलं. कोणी आणून ठेवलं ते कोणी विचारलं नाही.

आता इथे मी असं सांगायला हवं की तिने केलेली पहिली कवळी अगदी झकास झाली. तसं काही नाही. ती ज्या म्हातारीची होती तिच्या हिरडीला टोचली. परत आली. मावशीने घासून पाठवली, पुन्हा परत आली. मालक म्हणाले, "बघ!" मावशी म्हणाली, "बघतेय. म्हणूनच तर पुन्हा करतेय." अशी ती शिकली. पुढे डॉक्टरांशी भांडण्याइतकी शिकली.

अशाच एका भांडणातून चित्रांची भानगड सुरू झाली.

कला महाविद्यालयातल्या एक मॅडम आईची कवळी न्यायला लॅबमध्ये आल्या होत्या. बारीक चणीच्या, खांद्यावर मोठी कापडी पिशवी. मावशी तेव्हा फोनवर एका डॉक्टरांना झापत होती. "अहो डॉक्टर, सत्तरीच्या माणसाला विशीतले दात लावले तर तो बोलायला लागल्यावर लोक त्याच्या दातांकडे बघतील, त्याच्याकडे नाही. मी जरा पिवळसरच लावणार. नको असतील तर दुसरीकडून करून घ्या." मॅडम दारात उभ्या राहून ऐकत राहिल्या. कवळी पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, "आमच्याकडे दरवर्षी विद्यार्थ्यांची चित्रस्पर्धा असते. परीक्षक म्हणून याल?"

"मी? माझ्यात काय दिसलं तुम्हाला?"

"न आवडलेलं तुम्ही सांगून टाकता. आमच्याकडे तसं कोणी सांगत नाही."

"येईन," मावशी म्हणाली. "पण मग सांगेन हं. नंतर तक्रार नको."

काही दिवसांनी मॅडमचा फोन आला. सगळ्या परीक्षकांचा परिचय फलकावर लावायचा होता. "तुमची पार्श्वभूमी सांगाल का?" त्यांनी विचारलं. मावशीने मान वळवून मागे पाहिलं. "माझ्या मागे पॉलिशचं चाक आहे," ती म्हणाली. मॅडम हसल्या, मग सरळ सरळ विचारू लागल्या. शिक्षण किती? सातवी. वडील काय करत? गोदामावर रखवालदार होते. या कामात कशा आलात? वाट्या धुवायला. मावशीने जे होतं ते सांगितलं आणि विसरून गेली.

परीक्षणाच्या दिवशी काका, म्हणजे मावशीचे यजमान, मला म्हणाले, "तू जा तिच्याबरोबर. एकटी गेली तर भांडेल." काका मोटारींच्या वाइंडिंगचं काम करतात, शब्द जपून वापरतात. ते एवढं बोलले म्हणजे काळजी खरी होती. मी गेले. मावशीला आवरायला म्हणून गेले, असं म्हणायला हरकत नाही. तिला आजवर कोणीच आवरलेलं नाही, ही गोष्ट वेगळी.

महाविद्यालयाचा हॉल उंच छताचा, वर काचेच्या झडपा, त्यातून सरळ खाली पडणारा पांढरा उजेड. दाराशी तिवईवर फलक. त्यावर तीन फोटो आणि खाली मजकूर. पहिले सर, चित्रकलेचे निवृत्त प्राध्यापक: इतकी वर्षं अध्यापन, देशविदेशात प्रदर्शनं, पुरस्कार. दुसऱ्या गॅलरीवाल्या बाई: परदेशात कलेचं उच्च शिक्षण, नव्या चित्रकारांच्या पाठीराख्या. तिसरी मावशी. तिच्या फोटोखाली लिहिलं होतं:

"अत्यंत हलाखीच्या परिस्थितीत जन्म. वडील रखवालदार. शिक्षणापासून वंचित. तरीही जिद्दीने परिस्थितीवर मात करून आज दंतक्षेत्रात कार्यरत. त्यांचा खडतर जीवनसंघर्ष विद्यार्थ्यांना प्रेरणादायी ठरेल."

मावशीने पिशवीतून चष्मा काढला, पुसला, लावला आणि वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं. तेवढ्यात प्राचार्य हातात गुच्छ घेऊन लगबगीने आले. गोल चेहऱ्याचे, मऊ आवाजाचे गृहस्थ.

"यातलं वंचित कोण?" मावशीने विचारलं.

"अं?"

"आणि हलाखी कोणी पाहिली? आमच्याकडे दोन वेळा चूल पेटायची. वडील सकाळी ड्यूटीवरून आले की झोपायच्या आधी आमच्याकडून पाढे म्हणून घ्यायचे. शाळा मी सोडली ती मला तिथे कंटाळा यायचा म्हणून. वंचित नव्हते मी, कंटाळले होते."

मॅडमचा चेहरा पडला होता. मला तेव्हाच कळलं, मजकूर त्यांचा नव्हता. त्यांनी दिलेल्या माहितीला प्राचार्यांनी फोडणी घातली होती.

"अहो, पण यात तुमचा मोठेपणाच दिसतो ना," प्राचार्य म्हणाले.

"मग यांचाही दिसू दे की. सरांचे वडील काय करायचे? बाईंच्या घरी काय परिस्थिती होती? माझ्या वडिलांनी फी भरली नाही हे लिहिलंत, तर यांच्या वडिलांनी भरली हेही लिहा. म्हणजे पोरांना नीट कळेल, कोण कुठून आलं ते."

गॅलरीवाल्या बाई शेजारीच उभ्या होत्या. रुपेरी केस, मोठं कुंकू, हातात गाडीची किल्ली. त्या मोठ्याने हसल्या. "माझ्या वडिलांनी भरली. आणि गॅलरीची इमारतही त्यांचीच. लिहा, माझी काही हरकत नाही."

सरांना हसू आलं नाही. "परिचय कलेतल्या कामाचा असतो," ते म्हणाले, "घरचा नव्हे."

"अगदी बरोबर," मावशी म्हणाली. "मग माझ्याच खाली घर का?"

प्राचार्य म्हणाले, आता छापून झालं आहे, ऐनवेळी काय करणार. मावशीने गुच्छ माझ्या हातात दिला, तिवईवरचा फलक दोन्ही हातांनी उचलला आणि भिंतीकडे तोंड करून टेकवून ठेवला. सगळं शांतपणे. आवाज नाही, आदळआपट नाही.

"काय लिहू मग?" प्राचार्यांचा मऊ आवाज जरा कडक झाला.

"कवळ्या बनवते."

"एवढंच? अहो, पोरं हसतील."

"हसू देत. हसले की दात दिसतात. मला तेवढंच बघायचं असतं."

मॅडमनी तिथल्या तिथे एक जाड कागद आणला आणि ब्रशने तिघांची एकेक ओळ लिहिली. 'चित्रकलेचे निवृत्त प्राध्यापक.' 'गॅलरी चालवतात.' 'कवळ्या बनवतात.' देशविदेश, पुरस्कार, पाठीराखेपणा, सगळं गेलं. मावशीशी झालेल्या वादापेक्षा स्वतःची अशी एका ओळीत बोळवण झालेली सरांना जास्त लागली असावी. ते त्या कागदाकडे बघत बराच वेळ दाढी कुरवाळत उभे होते.

मग परीक्षण सुरू झालं. चित्रांवर काढणाऱ्यांची नावं नव्हती, नुसतं शीर्षक आणि क्रमांक. सर एका नजरेत चित्र पाहून पुढे सरकायचे. गॅलरीवाल्या बाई लांबून बघायच्या, मग डोळे बारीक करून. मावशी प्रत्येक चित्रासमोर उभी राहायची आणि एकदा उभी राहिली की हलायची नाही. सर हॉलच्या दुसऱ्या टोकाला पोचून खुर्चीत बसले तरी ही निम्म्यावर. चहा आला, निवला, पुन्हा आला.

शेवटी पहिल्या बक्षिसासाठी दोन चित्रं उरली.

एक होतं 'वेदना'. एका म्हाताऱ्या कष्टकरी बाईचा चेहरा, जवळून काढलेला. गालावरच्या सुरकुत्या, ओले डोळे, हनुवटीखाली बोटांनी आवळून धरलेला लुगड्याचा पदर. काम असं की हात लावला तर कातडी लागेल असं वाटावं. दुसऱ्यात एक अरुंद जिना होता. जिन्याच्या वळणावर एक भलंमोठं कपाट अडकलेलं. वरून दोघे खेचताहेत, एकजण मधे दबून गेला आहे, त्याचा फक्त पाय दिसतो. खाली एक बाई कमरेवर हात ठेवून हुकूम सोडते आहे आणि जिन्यातल्या सगळ्या दारांतून शेजारी डोकावताहेत. रंग भडक, हातपाय थोडे वाकडे.

"प्रश्नच नाही," सर म्हणाले. "हे चित्र आहे. तो विनोद आहे."

"मला कपाट आवडलं," मावशी म्हणाली.

"का, ते सांगाल?"

"त्यात कोणीच बिचारं नाही. तो दबलेला माणूससुद्धा नाही. त्या 'वेदना'वाल्या पोराचा हात चांगला आहे, कबूल. पण ही बाई त्याने रडायला बसवली आहे. आपल्याला कीव यावी म्हणून. माझ्या फोटोखाली जे लिहिलं होतं ना, तेच त्याने रंगात काढलंय."

सर खुर्चीत पुढे झाले. "बाई, राग मानू नका. तुमचं काम साच्यातलं. ठसा आला की त्याबरहुकूम वस्तू करायची. इथे त्याच्या पलीकडचं बघावं लागतं."

मी मनात म्हटलं, झालं, आता पेटणार. मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. सरांचे वरचे पुढचे दोन दात किंचित एकमेकांवर चढलेले होते, आणि बोलताना 'स' जरा सुटायचा. एवढा वेळ बघितल्यावर ती नुसतं म्हणाली, "साचाही प्रत्येकाचा वेगळा असतो, सर." आणि गप्प बसली. मला आश्चर्य वाटलं. घरी जाताना रिक्षात मी विचारलं तेव्हा तिने सांगितलं: ते दोन दात तिनेच तसे बसवले होते. डॉक्टरांनी निरोप दिला होता, पेशंटला वाटतं कवळी आहे हे कोणाच्या लक्षात येऊ नये, जरा वाकडे लावा. "मग त्यांच्या तोंडावर का नाही मारलंस ते?" मी म्हटलं. मावशी म्हणाली, "तोंडातली गोष्ट तोंडातच राहिली पाहिजे. भांडायला माझ्याकडे दुसरं पुष्कळ होतं." मी तुम्हाला सांगते आहे खरी, पण नाव कुठे सांगितलं?

मतं झाली. सर 'वेदना'ला, मावशी कपाटाला. गॅलरीवाल्या बाई दोन चित्रांमधे फेऱ्या घालत राहिल्या. "कपाट माझ्या घरात लावीन मी," त्या म्हणाल्या, "पण पहिलं बक्षीस..." आणि त्यांनी सरांच्या बाजूने मत दिलं. मावशीने मान हलवली. हरली ती हरली, त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती.

तक्रार पुढे आली. प्राचार्यांनी सहीसाठी निकालाचा कागद पुढे केला. त्यावर आधीच छापलेलं होतं, 'परीक्षकांनी एकमताने निवडलेली चित्रं पुढीलप्रमाणे.'

मावशीने पेन खाली ठेवलं. "एकमताने कुठे झालं?"

"अहो, तशी पद्धत आहे. आजवर इथला प्रत्येक निकाल एकमताने लागलेला आहे."

"म्हणजे आजवर कोणीतरी दरवर्षी गप्प बसलंय."

"बाहेर वाद दिसायला नको, एवढाच हेतू."

"वाद झालाय. तुमच्यासमोर झालाय. मी हरले, ते लिहा. पण मी हो म्हणाले असं लिहू नका."

सर म्हणाले, "एका शब्दासाठी किती ताणायचं?"

"एकाच शब्दाचा प्रश्न आहे तर बदलून टाका की."

प्राचार्य फोन घेऊन बाहेर गेले. थोड्या वेळात मावशीचा फोन वाजला. लॅबचे मालक. त्यांचा आवाज असा की फोन कानाला लावला काय, टेबलावर ठेवला काय, सारखंच. प्राचार्यांचे मेव्हणे दातांचे डॉक्टर. लॅबकडे येणारं सगळ्यात जास्त काम त्यांच्याकडचं. हे मला तेव्हा कळलं, मावशीला पहिल्यापासून माहीत होतं.

"सही करून टाक आणि ये," मालक म्हणाले. "तुझं काय जातंय?"

"माझं मत जातंय."

"मताला काय चाटायचंय? डॉक्टरांनी काम बंद केलं तर?"

"तर बंद होईल. दुसरं शोधू. ते कसं शोधायचं ते आपल्याला येतं. न दिलेलं मत दिलं म्हणून कसं लिहायचं, ते मला येत नाही." आणि तिने फोन पर्समध्ये टाकला. आतून मालकांचा आवाज थोडा वेळ येत राहिला.

मग इतका वेळ भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मॅडम पुढे आल्या. त्यांनी कागद स्वतःकडे ओढला, 'एकमताने' खोडलं आणि वर 'बहुमताने' लिहिलं. परत आत आलेले प्राचार्य त्यांच्याकडे अशा नजरेने बघत होते की मी असते तर पेन हातातून गळलं असतं. मॅडमचं अक्षर मात्र सरळ आलं. मावशीने सही केली. तिची सही शाळेत शिकवली तशी, एकेक अक्षर सुटं आणि मोठं.

बक्षीस समारंभाला हॉल गच्च भरला होता. परीक्षकांची ओळख करून देताना 'कवळ्या बनवतात' आलं तशी मागच्या रांगांमधून खसखस पिकली. मावशीने व्यासपीठावरून त्यांच्याकडे बघून सगळे दात दाखवून हसून दिलं. तिचे अजून तिचेच आहेत. मग निकाल. 'बहुमताने' हा शब्द ऐकला तशी कुजबुज सुरू झाली. मधूनच एक मुलगी ओरडली, "विरुद्ध कोण होतं?"

प्राचार्य माइकशी काहीतरी पुटपुटले. मावशीने खुर्चीत बसल्या बसल्या हात वर केला. "मी."

त्यानंतर जो गोंधळ झाला तो मला फार आवडला. पोरं उठून चित्रांकडे गेली. अर्धी कपाटापुढे, अर्धी 'वेदना'पुढे, आणि एकमेकांच्या अंगावर धावून जात बोलायला लागली. हार घालायचे राहिले.

कपाट काढणारी मुलगी मावशीकडे आली ती आभार मानायला नव्हे. "तुम्ही कशाला हात वर केलात?" ती म्हणाली. "आता सगळे मला कवळीबाईंची आवडती म्हणून चिडवणार. गुपचूप दुसरं बक्षीस मिळालं असतं ते बरं होतं."

"चित्र काढताना घाबरली नाहीस," मावशी म्हणाली, "मग आता काय झालं?" मुलगी निघून गेली. मावशीला ते लागलं, मला दिसलं. पण तिने हाक मारली नाही.

मग पहिलं बक्षीस मिळवणारा मुलगा आला. शेवटच्या वर्षाला होता, उंच, वाकून बोलणारा. परीक्षणात काय बोलणं झालं ते त्याच्यापर्यंत पोचलं होतं. असल्या गोष्टी पोचतातच. "ती माझी आजी आहे," तो म्हणाला. "मी तिला रडायला बसवलं नाही. ती खरंच रडत होती."

मावशीने पाहिलं तर सर जवळच उभे होते. ती त्याला म्हणाली, "मी तुझ्याबद्दल सरांसमोर बोलले होते, तर सरांसमोरच परत घेते." आणि सरांकडे वळून, "हा पोरगा खोटं काढत नाही. त्याने कीव मागितली असं मी म्हणाले होते, ते चूक होतं."

"म्हणजे आता तुमचं मत 'वेदना'ला?" सरांनी भुवया उंचावल्या.

"मत तेच आहे. आरोप मागे घेतला."

याचे पुढे काय परिणाम झाले ते सांगते. प्राचार्यांच्या मेव्हण्यांनी लॅबचं काम खरोखर बंद केलं. मालकांनी मावशीच्या मागे लागून दाताच्या कण्या केल्या, जा, माफी माग, दोन शब्द बोल. ती गेली नाही. मालक चिडून तिच्याकडे नुसतं तुटक्या कवळ्या सांधायचं काम द्यायला लागले. ती दुपारी सुट्टी घेऊन पलीकडच्या वस्त्यांमधल्या दवाखान्यांच्या पायऱ्या चढू लागली, नमुने डब्यात घेऊन. बऱ्याच ठिकाणी नर्सनेच परत पाठवलं. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी काम दिलं, मग त्यांच्या ओळखीच्या आणखी एकाने. ते मेव्हणे आजतागायत परत आलेले नाहीत, आणि भरून निघालं असंही मी म्हणणार नाही. लॅब चालते आहे एवढंच. महाविद्यालयाने पुढच्या वर्षी कलाक्षेत्राबाहेरचा परीक्षक बोलावणं बंद केलं आणि मॅडमना स्पर्धेतून काढून वाचनालयात बसवलं. पण तेव्हाही निकाल 'बहुमताने' लागला, कारण या वेळी गॅलरीवाल्या बाई अडून बसल्या.

पण हे सगळं पुढचं. समारंभानंतरच्या आठवड्यात तो उंच मुलगा लॅबचा लोखंडी जिना चढून वर आला आणि दारातूनच म्हणाला, "आजीने बोलावलंय. म्हणाली, माझ्याविरुद्ध मत देणारी ती कोण, तिला घेऊन ये."

"येते," मावशी म्हणाली.

रविवारी मी आणि ती गेलो. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या. आजी खाटेवर पाय सोडून बसली होती. जन्मभर तिने दवाखान्यातल्या चादरी धुतल्या होत्या. हाताची कातडी चित्रात होती तशीच, बोटांच्या टोकांशी सुरकुतून पांढरी पडलेली. मात्र चित्रातली बाई आणि ही यांत एक मोठा फरक होता. ही खालून वरपर्यंत माणसाला मोजत होती.

"बस," ती मावशीला म्हणाली. "माझं चित्र तुला पसंत नाही म्हणे?"

"चित्र चांगलं आहे. पहिलं द्यावं असं वाटलं नाही."

"का? तोंडावर सांग."

मावशीने तोंडावर सांगितलं. बिचारी दिसते म्हणाली. कोणीतरी कोपऱ्यात गाठून रडवल्यासारखी दिसते म्हणाली. मुलगा मधे काही बोलायला गेला, आजीने त्याला हातानेच थांबवलं.

"त्या दिवशी माझ्या बहिणीची बातमी आली होती," आजी म्हणाली. "ती गेली. हा माझ्यासमोर कागद घेऊन बसलेला. मला म्हणाला, आजी, नको, उद्या काढतो. मी म्हटलं, काढ. आत्ताच काढ. आयुष्यभर रडू आलं की मी न्हाणीत जायचे, नळ सोडायचे. घरच्यांना दिसू नये, कामावरच्यांना दिसू नये. त्या दिवशी म्हटलं, बघा एकदा. हललेसुद्धा नाही मी. पाय बधिर झाले."



"मला ते दिसलं नाही," मावशी म्हणाली.

"नसेल दिसलं. याच्याकडून काढायचं राहिलं असेल, नाहीतर तुझं बघायचं राहिलं असेल." आजीने नातवाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली होती, पण तो ऐकत होता. "मग? आता मत बदलतेस का?"

"नाही."

"का नाही?"

"मी चित्राला मत दिलं होतं. तुम्ही हे आज सांगितलंत. त्या चित्रात तुम्ही इतक्या हट्टी दिसत नाही."

आजीने नातवाला पायाने ढोसलं.

"ऐकलंस? पुन्हा काढ. या वेळी रडणार नाही मी. आणि चहा टाक. हिला साखर कमी, नाहीतर आणखी गोड बोलायची."

मावशी हसली. आजीने तिच्यासाठी खाटेवर सरकून जागा केली आणि नातवाने लॅबमध्ये मेण पाहिलं होतं, ते कवळ्यांचं काम करताना नक्की कुठल्या वेळी वितळवतात ते आधी सांग, म्हणाली.